अवतरण चाके, आखडती

जमिनीवर विमानाचा भार पेलणाऱ्या, परंतु उड्डाणानंतर पंखात किंवा धडात ओढून घेता येणाऱ्या आणि उतरण्यापूर्वी पुन्हा बाहेर काढता येणाऱ्या चाकांच्या व त्यांच्या आधारांच्या समूहास आखडती अवतरण चाके म्हणतात. इंग्रजीतील रिट्रॅक्टेबल लँडिंग गिअर ही संज्ञा मराठी वैमानिकांच्या व तंत्रज्ञांच्या बोलण्यात रुळलेली असली, तरी ‘चाके आत घेतली’, ‘चाके सोडली’ हे साधे शब्दप्रयोगही तितकेच प्रचारात आहेत. या समूहात चाक, त्याचा आस, गतिरोधक, धक्काशोषक पाय, पायास धरून ठेवणारे तिरपे आधारदंड, पाय दुमडणारी यंत्रणा, कुलपे व चाकाच्या खाचेवरील झडपा यांचा समावेश होतो. येथे मुख्यत्वे दुसऱ्या महायुद्धातील व त्यानंतरच्या पहिल्या जेट पिढीतील लढाऊ विमानांच्या, तसेच त्यांच्या उडत्या प्रतिकृतींच्या चाकांचा विचार केला आहे.

विमानास चाकांची गरज उड्डाणाच्या आरंभी व शेवटी काही सेकंदच भासते. उरलेला सर्व वेळ चाके म्हणजे निव्वळ ओझे होय, आणि ती बाहेर लोंबत असल्यास हवेला अडथळाही होतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करावयाचा, तर रोध चौपट व शक्ती आठपट होते. ताशी १५० किमी. वेगाच्या विमानात चाकांचा रोध दुर्लक्षिता येतो, ताशी ५०० किमी. वेगाच्या विमानात तो परवडत नाही. एखाद्या विमानाच्या एकूण रोधापैकी एक पंचमांश रोध चाकांमुळे होतो असे धरले, तर चाके आत घेतल्यावर त्याच एंजिनाच्या शक्तीवर वेग सु. ८ टक्क्यांनी वाढेल, म्हणजे ताशी ४५० किमी. जाणारे विमान ताशी सु. ४८५ किमी. जाऊ शकेल. लढाऊ विमानाच्या बाबतीत एवढा फरक शत्रूस गाठणे व शत्रूच्या हाती सापडणे यांमधला असतो. याचे मोल वजनाच्या, गुंतागुंतीच्या व बिघाडाच्या शक्यतेच्या रूपाने द्यावे लागते. म्हणूनच शेतीवरील फवारणीची व प्राथमिक शिक्षणाची विमाने आजही बहुधा स्थिर चाकांची असतात, आणि ते योग्यच आहे.

इतिहास : चाके आत घेण्याची कल्पना विमानाइतकीच जुनी असली, तरी ती प्रत्यक्षात नीट उतरली ती शर्यतीच्या विमानांत. १९२० च्या गॉर्डन बेनेट शर्यतीसाठी बांधलेल्या डेटन-राइट या अमेरिकन विमानाची चाके हाताने दांडा फिरवून धडात घेता येत. १९३० नंतर धातूची एकपंखी विमाने प्रचारात आली, त्यांच्या पंखांची जाडी चाके सामावण्याइतकी होती आणि मग ही योजना झपाट्याने पसरली. ३१ डिसेंबर १९३३ च्या आदल्या दिवशी प्रथम उडालेले पोलिकार्पोव्ह आय-१६ हे रशियन विमान आखडत्या चाकांच्या एकपंखी लढाऊ विमानांत सेवेत आलेले पहिले मानले जाते. त्यात चाके वर घेण्यासाठी वैमानिकास दांड्याचे ४४ फेरे द्यावे लागत. एक हात दांड्यावर व दुसरा नियंत्रणदंडावर अशा स्थितीत नुकतेच उडालेले विमान डुलत वर चढताना दिसे.

भारतातील हवाई वाहतुकीचा व हवाई दलाचा आरंभ स्थिर चाकांनीच झाला. ऑक्टोबर १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले, ते पस मॉथ विमान स्थिर चाकांचे होते. या विमानात एक गमतीची सोय होती. धक्काशोषक पायांवरील चपटी आवरणे वैमानिकास आडवी फिरवता येत व ती हवेस आडवी आली की, विमानाचा वेग मंदावे. म्हणजे जो रोध पुढे शत्रू ठरला, त्याचाच येथे उपयोग करून घेतला होता. १९३३ साली भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती वापिटी या द्विपंखी विमानांवर. पुढील लायसँडर विमानांची चाकेही स्थिरच होती. १९४२ मध्ये हरिकेन विमाने मिळाली, तेव्हा भारतीय वैमानिकांना लढाऊ विमानाची चाके ‘आत घेण्याची’ नवी सवय लावून घ्यावी लागली. १९४४ मध्ये आठव्या तुकडीस स्पिटफायर ८ विमाने मिळाली. त्यांत शेपटीचे लहान चाकही आत जाई. स्वातंत्र्याच्या सुमारास टेंपेस्ट विमाने होती व १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात त्यांचा उपयोग झाला. १९४८ मध्ये आलेल्या व्हँपायर या पहिल्या जेट विमानापासून शेपटीच्या चाकाऐवजी नाकाखाली चाक असलेली मांडणी रूढ झाली.

दुमडण्याची भूमिती : पाय कोणत्या दिशेने दुमडावयाचा, हा अभिकल्पकापुढील पहिला प्रश्न असतो. पाय बाजूला, म्हणजे पंखाच्या लांबीच्या दिशेने दुमडला, तर उभे असलेले चाक आपोआप आडवे होते व पातळ पंखात सपाट बसते. पाय मागे दुमडला, तर चाक उभेच राहते व त्यास सामावण्यासाठी पंखाची किंवा एंजिनाच्या आवरणाची जाडी चाकाच्या व्यासाइतकी लागते. डकोटा या वाहतुकीच्या विमानात चाके एंजिनाच्या आवरणात पुढच्या दिशेने उचलली जातात व उभीच राहत असल्यामुळे त्यांचा काही भाग खाली डोकावतो. हे ओबडधोबड दिसते खरे, पण चाके बाहेर न आल्यास विमान त्या डोकावणाऱ्या भागावर घसरत उतरते व पोटाचे नुकसान कमी होते.

बाजूला दुमडणाऱ्या पायांतही दोन पर्याय आहेत. हरिकेन व टेंपेस्ट यांचे पाय पंखात दूरवर बसवलेले असून ते आत धडाकडे दुमडतात. दोन चाकांतील अंतर त्यामुळे मोठे राहते व विमान जमिनीवर स्थिर असते. स्पिटफायर व जर्मन मेसरश्मिट १०९ यांचे पाय धडाजवळ असून ते बाहेर पंखटोकांकडे दुमडतात. यात उतरतानाचा धक्का थेट मजबूत मध्यभागात जातो व पंखाची रचना हलकी करता येते. मेसरश्मिटचे पाय तर धडालाच जोडलेले असल्यामुळे पंख काढून घेतले, तरी विमान स्वतःच्या चाकांवर उभे राही व दुरुस्ती सोपी होई. मात्र दोन चाकांतील अंतर कमी झाल्यामुळे बाजूच्या वाऱ्यात किंवा खडबडीत धावपट्टीवर विमान गिरकी घेऊन एका पंखावर कलंडे. मेसरश्मिटची फार मोठी संख्या लढाईत नव्हे, तर जमिनीवरील अशा अपघातांत निकामी झाली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील कच्च्या धावपट्ट्यांवर हरिकेनचे रुंद पाय स्पिटफायरच्या नाजूक पायांपेक्षा निश्चितच सोयीचे होते, मग हवेत स्पिटफायर कितीही सरस असो.

पाय मागे दुमडावयाचा आणि तरीही चाक सपाट बसवावयाचे असेल, तर दुमडताना चाकास काटकोनात वळवावे लागते. कर्टिस पी-४० या अमेरिकन विमानात पायाच्या मुळाशी तिरकस दात्यांची दंतचक्रे बसवून पाय मागे जाता जाता स्वतःभोवती ९०° फिरेल अशी योजना होती. हीच गोष्ट दंतचक्रांवाचूनही साधता येते. एखाद्या घनाकृती ठोकळ्याच्या दोन समोरासमोरील कोपऱ्यांतून जाणारी रेषा म्हणजे त्याचा कर्ण, हा अक्ष मानून ठोकळा १२०° फिरवला, तर खाली असलेली कडा मागे, बाजूची कडा खाली व मागची कडा बाजूला जाते. पायाची बिजागरी अशा तिरप्या अक्षावर बसवली की, एकाच फिरण्यात पाय मागे जातो आणि चाकाचा आडवा आस उभा होऊन चाक सपाट पडते. कागदावर हे पटण्यास अवघड जाते, पण लाकडी ठोकळा हातात घेतल्यास क्षणात कळते. मोठ्या पंख्याच्या विमानांपुढे आणखी एक अडचण असे. पंखा जमिनीस लागू नये म्हणून पाय लांब हवा, पण पंखात तोफा व दारूगोळा असल्यामुळे लांब पायास जागा नाही. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश तुकड्यांनी वापरलेल्या थंडरबोल्ट विमानात पाय आत जाताना दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे सु. २३ सेंमी. आखूड होई.

कुलूप : चाकांच्या यंत्रणेतील सर्वांत महत्त्वाचा भाग दट्ट्या किंवा पंप नव्हे, तर कुलूप होय. उतरताना चाकावर येणारा धक्का विमानाच्या वजनाच्या दुपटीहून अधिक असू शकतो. तो दुमडण्याच्या यंत्रणेने पेलावयाचा म्हटल्यास ती अवजड होईल. यासाठी पायास टेकू देणारा आधारदंड मध्ये सांध्याने जोडलेल्या दोन तुकड्यांचा करतात. पाय पूर्ण खाली आला की, हे दोन तुकडे सरळ रेषेत येतात व त्या रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन एका आडणीवर टेकतात. माणूस गुडघा ताठ करून उभा राहतो, तेव्हा मांडीच्या स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत, कारण गुडघा पुढच्या बाजूस वाकू शकत नाही व शरीराचा भार हाडांतून सरळ जमिनीस जातो. तसेच येथे घडते. भार जितका अधिक, तितका सांधा आडणीवर अधिक घट्ट दाबला जातो. सांधा सरळ रेषेपर्यंत पोहोचण्यास एक-दोन अंशांची जरी कसर राहिली, तरी भार पडताच पाय कोसळतो. म्हणून सांधा जागी धरण्यासाठी स्प्रिंग व शिवाय एक खिट्टीही देतात. चाके वर असताना मात्र भार थोडा असतो व साध्या आकड्याने काम भागते. तीव्र वळणात विमानावर गुरुत्वाच्या पाच-सहा पट प्रेरणा येते, तेव्हा तो आकडा तेवढ्या पटीने जड झालेले चाक धरून ठेवू शकेल एवढे पाहावे लागते.

ओढून घेण्याची यंत्रणा : दांडा व साखळीची जागा लवकरच द्रवचालित यंत्रणेने घेतली. टाकीतील तेल पंपाने दाबाखाली आणून निवडक झडपेमार्फत सिलिंडरच्या एका किंवा दुसऱ्या बाजूस सोडतात. दट्ट्या सरकतो व तरफेच्या योगाने पाय फिरतो. महायुद्धकालीन विमानांत दर चौ. सेंमी.स सु. ७० किग्रॅ. दाब सामान्य होता. ५ सेंमी. व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सु. १९·६ चौ. सेंमी. भरते, म्हणजे एवढ्या लहान सिलिंडरातून सु. १,३७० किग्रॅ. प्रेरणा मिळते. पुढे हा दाब तिप्पट, म्हणजे सु. २१० किग्रॅ. झाला व सिलिंडर त्या मानाने लहान झाले. पाय उचलताना वजनाविरुद्ध काम करावे लागते, खाली सोडताना वजनच मदत करते. उलट खाली येणारा पाय आदळू नये म्हणून परतीच्या नळीत बारीक छिद्राची अडवणूक ठेवून तेल हळूहळू जाऊ देतात.

स्पिटफायरच्या सुरुवातीच्या विमानांत एंजिनावर चालणारा पंप नव्हता. वैमानिकास उजव्या बाजूचा हातपंप मारावा लागे. उड्डाणाच्या वेळी त्याचा डावा हात एंजिनाच्या नियंत्रकावर व उजवा नियंत्रणदंडावर असे. चाके घेण्यासाठी नियंत्रणदंड डाव्या हातात घ्यावा व उजव्याने पंप मारावा, अशी कसरत होई. उजव्या हाताच्या प्रत्येक झटक्याबरोबर डावा हातही नकळत हले व विमान लाटांवरील होडीसारखे वरखाली होई. नवशिका वैमानिक लांबूनही ओळखू येई.

झडपांमुळे आणखी एक गुंतागुंत होते. झडप आधी उघडली पाहिजे, मग पाय आत गेला पाहिजे व शेवटी झडप मिटली पाहिजे. हा क्रम चुकल्यास पाय झडपेवर आपटतो. म्हणून पाय ठरावीक जागी पोहोचला की, तोच एक लहान झडपयंत्र दाबून झडपेच्या सिलिंडरास तेल देतो. लढाऊ विमानांत शक्यतो झडप पायालाच जोडून हा प्रश्न टाळण्याची प्रवृत्ती दिसते, कारण जो भाग पायाबरोबरच हलतो त्याचा क्रम चुकू शकत नाही.

धक्काशोषक पाय म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या होत. त्यांत तेल व दाबलेली हवा किंवा नायट्रोजन असतो. चाक जमिनीस टेकताच तेल बारीक छिद्रातून जोराने वरच्या कप्प्यात जाते. धक्क्याची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते व दाबलेला वायू स्प्रिंगचे काम करतो. आतली नळी स्वतःभोवती फिरून चाक तिरपे होऊ नये म्हणून दोन नळ्यांना कात्रीच्या आकाराचा जोड देतात.

जेट विमाने : जेट विमानांचे पंख पातळ झाले आणि चाकांना जागा उरली नाही. व्हँपायरची मुख्य चाके अजून पंखात बाहेरच्या दिशेने दुमडत. नॅट या छोट्या विमानात पंखात जागाच नसल्यामुळे तिन्ही चाके धडात जात. त्यात पाय अर्धवट बाहेर काढून त्यांच्या झडपांचा हवाई गतिरोधक म्हणून उपयोग करीत. पस मॉथमधील युक्ती अशी पाव शतकाने नव्या रूपात अवतरली. ओझर (जि. नाशिक) येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान एरॉनॉटिक्सच्या कारखान्यात ज्याचे उत्पादन झाले, त्या मिग-२१ विमानाची रचना या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. त्याचा पाय पंखाच्या पातळ मुळात आडवा दुमडतो, पण चाक पंखात मावत नाही. म्हणून पाय आत जात असताना चाक पायाच्या टोकाशी सु. ८७° वळते व धडाच्या बाजूस जवळजवळ उभे राहते. पुढील आवृत्त्यांत चाके मोठी झाली, तेव्हा त्यांच्यासाठी पंखाच्या वरच्या अंगास धडावर फुगवटे द्यावे लागले, ते बाहेरूनही स्पष्ट दिसतात. नाकाचे चाक पुढच्या दिशेने उचलले जाते, त्यामुळे सोडताना वाऱ्याचा झोत त्यास मागे व खाली ढकलून मदतच करतो. हे विमान सप्टेंबर २०२५ मध्ये भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले.

आणीबाणीची सोय : पंप बंद पडला किंवा नळी फुटली, तरी चाके खाली आलीच पाहिजेत, वर जाण्याची हमी मात्र आवश्यक नसते. हरिकेनमध्ये पायाने दाबावयाच्या एका खटक्याने वरची कुलपे सुटत व चाके स्वतःच्या वजनाने खाली येत. स्पिटफायरमध्ये कार्बन डाय-ऑक्साइडाची लहान कुपी असे. ती फोडल्यावर वायूच्या दाबाने पाय खाली ढकलले जात, मात्र हा उपाय एकदाच करता येई. मिग-२१ मध्ये यासाठी दाबलेल्या हवेची स्वतंत्र यंत्रणा होती.

चाके खरोखर खाली येऊन कुलूपबंद झाली की नाही, हे वैमानिकास स्वतःच्या आसनावरून दिसत नाही. स्पिटफायरच्या पंखावर त्यासाठी एक लहान सळई वर येई. भारतात अनेक वर्षे वैमानिक-शिक्षणासाठी वापरलेल्या हार्व्हर्ड विमानात पंखास पारदर्शक खिडकी ठेवलेली असून तीतून कुलपाची खिट्टी प्रत्यक्ष पाहता येते. पुढे हिरवे व तांबडे दिवे आले आणि एंजिनाची शक्ती कमी केली असता चाके वर असल्यास वाजणारा भोंगाही आला. इतके असूनही चाके न सोडता उतरण्याचे अपघात थांबले नाहीत, कारण हा दोष बहुधा यंत्राचा नसून विसरण्याचा असतो. चाके सोडण्याच्या तरफेच्या मुठीस लहान चाकाचा आकार देण्याची पद्धत पडली ती यामुळेच. शेजारची पंखझडपांची तरफ व ही तरफ यांतील फरक न पाहताही हाताला कळावा, हा तीमागील हेतू.

चाके केव्हा घ्यावयाची : उड्डाणानंतर चाके लवकर आत घेतल्यास चढण्याचा वेग वाढतो, परंतु विमान निश्चितपणे वर चढू लागल्याशिवाय ती घेत नाहीत. विमान किंचित खाली बसले, तर पोट धावपट्टीवर घासते. शिवाय चाके आत जाण्यास काही सेकंद लागतात व ज्यांना मोठ्या झडपा आहेत त्या विमानांत झडपा उघडल्यामुळे प्रथम रोध वाढतो. याचा अर्थ असा की, धावपट्टीच्या टोकाजवळचा अडथळा विमानास चाके खाली लोंबत असतानाच ओलांडावा लागतो व त्याची उंची चाकांच्या तळापासून मोजावी लागते. मोठ्या प्रवासी जेट विमानांच्या उड्डाणाचे गणित करताना कोरड्या धावपट्टीच्या शेवटी विमान किमान सु. १०·७ मी. (३५ फुट) उंचीवर असले पाहिजे, असा नियम आहे.

हे अंतर कागदावरचे नाही, याचा दारुण प्रत्यय छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथे २६ एप्रिल १९९३ रोजी आला. इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान ११८ जणांना घेऊन चिकलठाणा विमानतळावरून मुंबईस निघाले. दुपारची वेळ होती. जवळजवळ सर्व धावपट्टी संपल्यावर ते जमिनीपासून सुटले. टोकापलीकडील रस्त्यावरून त्याच वेळी कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला ट्रक जात होता. विमानाचे डावे मुख्य चाक व डाव्या इंजिनाचे खालचे आवरण रस्त्यापासून सु. २ मी. उंचीवर त्या ट्रकावर आदळले. विमान तसेच पुढे गेले, विमानतळाच्या ईशान्येस सु. ३ किमी. अंतरावर उच्च दाबाच्या विद्युत् तारांना अडकले आणि शेतात कोसळून पेटले. ५५ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत दोन कारणे निश्चित झाली : विमानाचे नाक उचलण्यास झालेला उशीर व त्याची चुकीची पद्धत, आणि उड्डाणांच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक रोखण्यात विमानतळ प्रशासनास आलेले अपयश. चाकांच्या यंत्रणेत कोणताही दोष नव्हता. त्या क्षणी चाके बाहेर असणे हेच बरोबर होते. कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात एप्रिल महिन्यात गाठींनी लादलेला ट्रक रस्त्यावर असणे यातही नवल नव्हते. तो रस्ता त्या वेळी मोकळा नव्हता आणि ते विमान तेथे असावयास हवे त्या उंचीवर नव्हते, एवढेच. पुढे या विमानतळाची धावपट्टी लांबवण्यात आली. सदर जातीच्या विमानाच्या मुख्य चाकांना पूर्ण झडपा नसतात. ते डोक्यावरून जात असता पोटाखाली बसलेली चाके दोन काळ्या तबकड्यांसारखी जमिनीवरूनही ओळखता येतात.

जुन्या विमानांचे जतन : दिल्लीतील पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात हरिकेन, स्पिटफायर व टेंपेस्ट ही तिन्ही विमाने ठेवलेली असून वर वर्णिलेले पायांचे फरक तेथे शेजारी शेजारी पाहता येतात. उडत्या स्थितीत राखलेल्या ऐतिहासिक विमानांत, उदा., हार्व्हर्ड व डकोटा यांत, चाकांची यंत्रणा हा सर्वांत जिकिरीचा भाग ठरतो. धातूचे भाग नव्याने घडवता येतात, पण तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांचा प्रश्न वेगळा आहे. जुन्या ब्रिटिश यंत्रणांत एरंडेलापासून केलेले द्रव व नैसर्गिक रबराची कडी वापरीत, पुढे खनिज तेल व कृत्रिम रबर आले. एकाचे तेल दुसऱ्याच्या कड्यांस लागले की, ती फुगतात किंवा विरतात. चुकीच्या डब्यातून ओतलेले पेलाभर तेल संपूर्ण यंत्रणा खोलण्यास भाग पाडू शकते.

प्रतिकृतींतील चाके : रेडिओने नियंत्रित होणाऱ्या उडत्या प्रतिकृतींत आखडती चाके बसवणे ही हौशी कारागिराची मोठी परीक्षा असते. येथेही पायाचे मूळ एका ठोकळ्यात फिरते. ठोकळ्याच्या बाजूस वाकडी खाच असते व तीत एक खिळा सरकतो. खाचेच्या दोन्ही टोकांस खिळा अशा कोनात अडकतो की, चाकावर आलेला धक्का त्यास मागे ढकलू शकत नाही. हेच वर सांगितलेल्या कुलपाचे लघुरूप होय. हा खिळा सरकवण्यासाठी तीन साधने प्रचारात आहेत. लहान प्रतिकृतीत अर्धवर्तुळ फिरणारी सर्व्हो मोटार दांडीने खिळा ओढते. मध्यम व मोठ्या प्रतिकृतींत दर चौ. सेंमी.स सु. ७ किग्रॅ. दाबाची हवा लहान टाकीत सायकलच्या पंपाने भरून घेतात व ती लहान सिलिंडरांत सोडतात. एका भरणीत चाके अनेकदा वरखाली होतात, पण नळी गळू लागल्यास हवेतच दाब संपतो. अलीकडे विद्युत् मोटारीने फिरणारे मळसूत्र अधिक वापरतात. मळसूत्र उलट ढकलता येत नसल्यामुळे ते स्वतःच कुलपाचे काम करते, आणि पाय अडकल्यास वाढलेला विद्युत् प्रवाह ओळखून मोटार आपोआप थांबते.

स्पिटफायरची एक पंचमांश प्रतिकृती घेतली, तर पंखांची लांबी सु. २·२५ मी. भरते. लांबी एक पंचमांश झाल्यास वजन हिशेबाने एकशेपंचविसाव्या भागाइतके, म्हणजे सु. २४ किग्रॅ. व्हावयास हवे. प्रत्यक्षात कुशल कारागीर ते याच्या निम्म्याहून कमी ठेवतो. तरीही प्रतिकृतींचे पाय मूळ विमानापेक्षा अधिक वेळा मोडतात. याचे कारण जमीन लहान होत नाही, हे आहे. २ सेंमी.चा खडा त्या चाकास मूळ विमानाच्या चाकापुढील १० सेंमी.च्या दगडासारखा असतो. मराठवाड्यातील मुरमाड माळांवर म्हणूनच आखडत्या चाकांची प्रतिकृती उडवण्यापूर्वी पट्टी झाडून घ्यावी लागते, किंवा सरळ स्थिर चाकांची प्रतिकृती निवडावी लागते. शेपटीचे चाक असणाऱ्या प्रतिकृतीत मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या पुरेशी पुढे यावीत अशा बेताने पाय किंचित पुढे कललेले ठेवतात, अन्यथा गवतात अडखळताच ती नाकावर उलटते. पावसाळ्यात काळी माती चाकाबरोबर पंखाच्या खाचेत जाऊन बसते. ती ओली असतानाच काढून टाकली नाही, तर वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते व पुढल्या वेळी चाक सोडण्याचा संकेत मिळूनही पाय जागचा हलत नाही.